एप्रिल आला की अ‍ॅम्प बंद: तीन उन्हाळे पुरलेला वायरिंगचा दोष

माझ्या गाडीतला अ‍ॅम्प (स्टिरिओचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) तीन उन्हाळे एकच नाटक करत होता. अमळनेरहून निघालो की पारोळ्यापर्यंत गाणी झकास. पुढे धुळ्याच्या रस्त्याला लागलो की मुकटीच्या आसपास वूफर (बेसचा मोठा स्पीकर) गप्प आणि अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा लाल. गाडी लिंबाखाली पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. दिवाळी ते होळी मात्र एक तक्रार नाही.

पहिल्या वर्षी ठरवलं की अ‍ॅम्प तापतो, म्हणून सीटखाली छोटा पंखा बसवला. दुसऱ्या वर्षी अ‍ॅम्पच बदलला, पैसे गेले. तिसऱ्या वर्षी डॅशबोर्डमधला फ्यूज होल्डर गूळ वितळावा तसा वितळला आणि फ्यूज मात्र आत शाबूत! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं.

मी इलेक्ट्रिशियन नाही. ठिबकची फिटिंग करतो. चोपडा, शिरपूर भागात केळीच्या बागा जास्त. पण ज्यांनी हा दोष दाखवला ते वायंडिंगवाले नाना आयुष्यभर शेतातल्या मोटरी दुरुस्त करत आले आहेत. गाडी बघून ते एवढंच म्हणाले, "भाऊ, अ‍ॅम्प चांगला शे. वायरच खोटी शे. बैल मोठा, अन् सुतळीनं दावं!"

तुमच्या गाडीत यातलं काही होत असेल तर पुढचं वाचा: बेस वाजला की हेडलाइट लुकलुकतात, आवाज वाढवला की अ‍ॅम्प बंद होऊन आपोआप सुरू होतो, फ्यूज होल्डर किंवा वायर हाताला चटका देते, फ्यूज वरचेवर जातो, उन्हाळ्यात त्रास वाढतो. ही पाच दुखणी वेगवेगळी दिसली तरी बहुतेक वेळा मूळ एकच असतं: बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत येता येता व्होल्टेज वाटेत गळतं.

आधी मोजा, मग पैसे खर्च करा

नानांनी पहिल्यांदा स्वतःचा क्लॅम्प मीटर वायरीला लावला आणि तो शून्य दाखवू लागला. दोघंही बुचकळ्यात पडलो. मग लक्षात आलं की मोटरीसाठी वापरतात ते स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, गाडीत डीसी. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वेगळा आणि महाग असतो. तो मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा मल्टीमीटर पुरतो, कारण खरी चोरी व्होल्टेजमध्येच सापडते.

गाडी मोकळ्या जागेत उभी करा, शटर लावलेल्या गॅरेजमध्ये नाही. इंजिन सुरू ठेवा. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि नेहमी ऐकता तेवढा आवाज ठेवा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, नाहीतर वूफरची कॉइल जळेल. आता चार मापं घ्यायची. बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट? अ‍ॅम्पच्या दोन टोकांवर किती? मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी अ‍ॅम्पच्या प्लसला लावायची (मधे लांब बारीक वायर जोडून घ्या, तिच्यातून करंट जवळपास जातच नाही), म्हणजे प्लसच्या वाटेत किती गळतं ते थेट दिसतं. तसंच बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पच्या मायनसपर्यंत.

माझे आकडे असे आले. बॅटरीवर १३.९, अ‍ॅम्पवर ११.६. वाटेत २.३ व्होल्ट गायब. त्यातले प्लसच्या बाजूला १.५ आणि अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूला ०.८. प्लसमधल्या दीड व्होल्टपैकी ०.४ एकट्या फ्यूज होल्डरवर पडत होते. धुळ्याच्या एका साउंडवाल्याकडून डीसी क्लॅम्प मीटर आणून पाहिलं तेव्हा करंट ४० अँपिअर निघाला.

आता गुणाकार करा. ०.४ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे १६ वॅट. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत सोल्डरिंगची छोटी इस्त्री पेटवून ठेवल्यासारखं झालं. होल्डर वितळला आणि फ्यूज का गेला नाही याचं उत्तर इथंच आहे: फ्यूज करंटवर जातो, आणि करंट तर मर्यादेतच होता. उष्णता सैल जोडातून येत होती.

२.३ व्होल्ट गेले तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. पण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. १३.९ चं ११.६ झालं की साध्या अ‍ॅम्पची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी उतरते. ज्या अ‍ॅम्पमध्ये आतला पॉवर सप्लाय व्होल्टेज सांभाळून धरतो, तो उलट वागतो: व्होल्टेज पडलं की जास्त करंट ओढतो, म्हणजे वायर आणखी तापते आणि व्होल्टेज आणखी पडतं.

ठिबकवाल्याला हे आधीच कळायला हवं होतं. लांब ओळीला बारीक नळी टाकली की पहिल्या झाडाशी धार आणि शेवटच्या केळीशी थेंबसुद्धा नाही. पंप बदलून उपयोग नसतो. किंवा मोटर बघा: खांबापासून विहीर लांब आणि केबल बारीक असली की मोटर नुसती घुरघुरते, उचलत नाही. मी लोकांना हे वर्षभर सांगतो आणि स्वतःच्या गाडीत पंप बदलून मोकळा झालो!

मग हिवाळ्यात का चालायचं? कारणं तीन-चार, आणि सगळी एकाच वेळी येतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो. पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० अंशांच्या वर सहज जातं. म्हणजे जानेवारीतल्या सकाळच्या मानाने तीच वायर १५ ते २० टक्के जास्त अडवते. गाडीचा रेग्युलेटर गरमीत बॅटरी जास्त चार्ज होऊ नये म्हणून व्होल्टेज जरा खाली ठेवतो. एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा आपला वाटा घेतात. आणि अ‍ॅम्प स्वतः आधीच भाजलेला असतो. हिवाळ्यात कसंबसं काठावर तगलेलं वायरिंग एप्रिलमध्ये काठाच्या खाली जातं, एवढंच.

"आठ गेज" म्हणजे नक्की किती?

माझी वायर कुठून आली? एका दुकानातून "अ‍ॅम्प किट" म्हणून. पारदर्शक निळं वेष्टन, आत चकचकीत तारा, वर छापलेलं "८ गेज". जाडी पाहून मी खूश झालो होतो. नानांनी टोक सोललं, तर करंगळीएवढ्या वायरीतलं निम्म्याहून जास्त नुसतं प्लॅस्टिक. तारा मोजल्या: ७०. व्हर्निअरने एका तारेची जाडी ०.३ मिमी. जाडीचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले तारांची संख्या, म्हणजे साधारण ५ चौरस मिमी. अमेरिकन पद्धतीचं ८ गेज म्हणजे ८.४ चौरस मिमी असायला हवं.

गेज या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. गाडीच्या साउंडमध्ये अमेरिकन गेज चालतं: ८ म्हणजे ८.४, ४ म्हणजे २१ आणि शून्य म्हणजे ५३ चौरस मिमी. वायंडिंगच्या दुकानात मात्र ब्रिटिश गेज. तिथं ८ नंबर म्हणजे जवळपास १३ आणि ४ नंबर म्हणजे २७ चौरस मिमी. दोन्हीकडे नंबर जेवढा लहान तेवढी वायर जाड. आणि किटवर छापलेलं गेज या दोन्हींपैकी कोणतंच नसतं, ते फक्त वेष्टनाची जाडी सांगतं असं माझं मत झालंय. म्हणून दुकानात गेज बोलूच नका. इलेक्ट्रिकलच्या दुकानात आपण "अडीचची द्या, चारची द्या" म्हणतो ना, तसं चौरस मिमीमध्येच मागा.

दुसरा घोटाळा धातूचा. माझ्या तारा वरून तांब्याच्या, आतून अ‍ॅल्युमिनिअमच्या. वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम. ही काही बेकायदा वस्तू नाही, स्वस्त असते एवढंच. पण शुद्ध तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच वीज वाहून नेते. माझी पाचची वायर प्रत्यक्षात तांब्याच्या तीनच्या वायरीएवढं काम करत होती. शिवाय अ‍ॅल्युमिनिअम तापून जास्त फुगतं, गार होऊन आक्रसतं, स्क्रूखाली हळूहळू दबतं, आणि उघड्या टोकाला हवा लागली की पांढुरका थर धरतं. आज आवळलेला जोड सहा महिन्यांनी सैल मिळतो तो यामुळे. माझा होल्डर असाच गेला.

ओळखायचं कसं? एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर मुलाम्याची. उलटा प्रकारही असतो: वरून पांढरी, आतून लाल. ती कथिलाचा थर दिलेली तांब्याची, आणि ती चांगलीच. दुसरी परीक्षा लायटरची, गाडीपासून लांब जाऊन करायची. केसाएवढी तांब्याची तार लाल होते पण टिकते. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे तार लोंबून तुटते.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडली. १६ चौरस मिमीच्या वायरीचा बरोबर १० सेंटिमीटर तुकडा घ्या, वेष्टन पूर्ण काढा आणि वजन करा. शुद्ध तांबं असेल तर १४ ग्रॅमच्या थोडं वर भरतं. मुलाम्याची असेल तर सहाच्या आतच. आमच्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मी तुकडा ठेवला तेव्हा दुकानातल्या दोन बायकांनी "हे कोणतं सोनं म्हणायचं" अशा नजरेने पाहिलं. पण काटा खोटं बोलत नाही. अमळनेर, जळगावात सराफ दुकानांची कमतरता नाही, तेव्हा ही सोय वापरा.

किती जाडीची घ्यायची

आधी करंट काढा. अ‍ॅम्पच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले २००० वॅट विसरा. माहितीपत्रकात आरएमएस वॅट (सलग देता येणारी खरी ताकद) दिलेले असतात, ते घ्या. माझा अ‍ॅम्प एका चॅनेलचा, डी क्लासचा, २ ओहमवर ५०० वॅट. डी क्लासची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरली तर बॅटरीकडून ६२५ वॅट ओढले जातात, भागिले १३.८ म्हणजे ४५ अँपिअर. तुमचा चार चॅनेलचा एबी क्लासचा असेल तर कार्यक्षमता ५० टक्केच धरा. ७५ वॅटचे चार चॅनेल म्हणजे ३०० वॅट आवाज, पण बॅटरीकडून ६०० वॅट. हिशेब नकोच असेल तर अ‍ॅम्पच्या अंगावर लावलेल्या फ्यूजची बेरीज करा. माझ्यावर ३०-३० चे दोन आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ६०.

गाण्यात सलग सूर नसतो, त्यामुळे सरासरी करंट याच्या पुष्कळ खाली राहतो, हे खरं. अभंग आणि जुनी भावगीतं ऐकणाऱ्याला माझी वायर कधी त्रास देणारही नाही. पण लग्नसराईतली ढोलाची गाणी लावून सारंगखेड्याच्या यात्रेला चार मित्र निघाले की वूफरला श्वास घ्यायला फुरसत नसते.

मग सूत्र एकच: गळणारे व्होल्ट = ०.०१७२ × वायरीची लांबी मीटरमध्ये × अँपिअर ÷ चौरस मिमी. हे तांब्यासाठी. मुलाम्याच्या वायरीला उत्तर १.६ ने गुणा. बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प डिकीत असेल तर वळणं धरून छोट्या गाडीत ५ मीटर लागतात. ४५ अँपिअरला ४ चौरस मिमीच्या वायरीत जवळपास १ व्होल्ट जातो. १० मध्ये ०.३९, १६ मध्ये ०.२४, २५ मध्ये ०.१५. प्लस, अर्थ, फ्यूज आणि जोड सगळं मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत राहावं असं मी ठरवलं, आणि १६ घेतली. १० मध्येही भागलं असतं, पण मग उन्हाळ्याला काही शिल्लक राहिलं नसतं.

कोणती? घरातली वायर वापरू का, हा प्रश्न मलाही सगळेच विचारतात. घरगुती पीव्हीसी वायर भारतीय मानक ६९४ मध्ये येते आणि साध्या प्रकाराचं वेष्टन ७० अंशांपर्यंतचं असतं. गाडीच्या आतून, कार्पेटखालून ती वेळ मारून नेईल. बॉनेटखाली इंजिनजवळ मात्र नको. तिथं जास्त उष्णता सहन करणारं वेष्टन लागतं. डिझेल, ऑइल लागलं तरी न फुगणारं हवं.

मी शेवटी तांब्याची वेल्डिंग केबल घेतली. एका गल्लीतल्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात ती मीटरवर मिळते. बारीक बारीक शेकडो तारा, त्यामुळे दोरीसारखी वळते, आणि वर रबराचं वेष्टन. त्यातली उष्णता आणि तेल सहन करणारी, जिला दुकानदार एचओएफआर म्हणतात, ती मागा. भारतीय मानक ९८५७ चा शिक्का पाहा. एक सावधगिरी: वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनिअमचीसुद्धा येते, आणि ती स्वस्त म्हणून दुकानदार आधी तीच पुढे करतो. ब्लेड खिशात ठेवूनच जा. साउंडच्या नावाने विकली जाणारी शुद्ध तांब्याची वायरही चांगली असते, फक्त माप आणि धातू तपासून घ्या.

फ्यूज कोणासाठी असतो

हे मला ४१ व्या वर्षी कळलं, म्हणून जरा सावकाश सांगतो. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी नसतो. अ‍ॅम्पला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी असतो. पाच मीटर वायर पत्र्याच्या कडांजवळून, सीटच्या रुळांखालून जाते. कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. छोट्या गाडीची ३५ एएचची बॅटरीसुद्धा. वायर काही सेकंदांत लाल होते आणि वेष्टनासकट कार्पेट पेटतं. त्या वेळी इग्निशन बंद करूनही उपयोग नसतो, कारण ही वायर किल्लीच्या मागे नाही, थेट बॅटरीवर आहे.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, फार तर ४५ सेंटिमीटरवर. माझा कुठे होता? डॅशबोर्डच्या आत, "बदलायला सोपा जावा" म्हणून! म्हणजे बॅटरीपासून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत येईपर्यंतचा सगळ्यात धोक्याचा तुकडा उघडा. आणि फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेटही (भोकाची कड झाकणारी रिंग) नव्हतं. वायर काढली तेव्हा त्या जागी वेष्टन पत्र्याने अर्धं कापलेलं होतं. आत तारा दिसत होत्या. ते बघून मी पाणी प्यायलो.

फ्यूजचा आकडा वायरीला झेपेल त्याच्या आत आणि अ‍ॅम्पच्या गरजेएवढा ठेवायचा. १० चौरस मिमी तांब्याला ५० किंवा ६०, १६ ला ८० पर्यंत, २५ ला १०० असा माझा हात राखून केलेला हिशेब. मी १६ वर ६० चाच लावला, कारण अ‍ॅम्पची गरज तेवढीच. काचेच्या नळीतले फ्यूज टाळा; टोपीचा आणि पट्टीचा स्पर्श कमी आणि आपल्या रस्त्यांवर हादऱ्याने सैल पडतात. बोल्टने आवळायचे चपटे फ्यूज घ्या.

आणि फ्यूज गेला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे, तार पिळणारे, ६० च्या जागी १०० टाकणारे असतील त्यांनी सरळ फ्यूज काढून टाकावा. निदान आपण काय करतोय ते तरी स्वतःला कळेल.

अर्थ: निम्मा दोष इथे

माझ्या २.३ पैकी ०.८ व्होल्ट अर्थवर जात होते आणि ती वायर जेमतेम मीटरभर. वायरीचा दोष त्यात ०.२ चा, उरलेल्यातले ०.५ एका बोल्टखाली. फिटरने मागच्या सीटच्या बोल्टखाली थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबलं होतं, रंगावरच. रंग म्हणजे इन्सुलेशन. बोल्टच्या आट्यांतून जेवढी वीज जाईल तेवढी जाईल.

आता केलं ते असं. डिकीतल्या जाड पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढला. भोक पाडण्याआधी पलीकडे पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी नाही ना, हे खाली झोपून पाहिलं. मग थिंबल, दातेरी वॉशर, नट-बोल्ट, आणि वरून ग्रीस, म्हणजे गंज धरणार नाही. अर्थची वायर प्लसएवढीच जाड, ४० सेंटिमीटर लांब. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो अपघातात माणूस धरून ठेवण्यासाठी आहे.

अर्थ म्हणजे फक्त डिकीतला बोल्ट नाही. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी कंपनीची पट्टी जुनी झाली की हिरवट होते, माझ्यावर ०.१ व्होल्ट तिथंही पडत होते. तिच्या जोडीला १६ ची आणखी एक वायर टाकली.

थिंबल पक्कडीने चेपू नका. वायंडिंगच्या दुकानात मोठा क्रिम्पिंगचा हत्यार असतो, तिथं नेऊन दाबून घ्या. वायरीच्या मापाचंच थिंबल, वरून हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी). नुसती काळी टेप आपल्या उन्हात महिन्याभरात गोंद सोडते आणि मग केसाळ कुत्र्यासारखी धूळ धरते.

वायर ओढताना

बॅटरीचं मायनस आधी काढा, शेवटी लावा. काही गाड्यांत यानंतर स्टिरिओचा कोड किंवा काचांची सेटिंग पुन्हा द्यावी लागते, ते माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा. दाराच्या उंबऱ्याखालून वायर नेताना पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. त्यांना टेस्टरसुद्धा लावू नका. गाडीच्या खालून वायर कधीच नेऊ नका. बॉनेटखालचा भाग फ्लेक्सिबल पाइपमधून न्या आणि सायलेन्सरच्या वाटेपासून लांब. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मी स्वतः तिथं अ‍ॅम्प बसवणार नाही, पुढच्या सीटखाली बसवीन.

आरसीए वायर (स्टिरिओतून अ‍ॅम्पकडे आवाज नेणारी) प्लसच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूने. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर मात्र आधी अर्थ पाहा, महागडी आरसीए नंतर. रिमोटची निळी-पांढरी वायर (अ‍ॅम्पला चालू-बंद करणारी) स्टिरिओलाच जोडा. ती थेट बॅटरीला दिली तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. वूफरला अडीचची तांब्याची वायर पुष्कळ झाली: ५०० वॅट, २ ओहम, म्हणजे १६ अँपिअरसुद्धा नाहीत.

कॅपॅसिटरबद्दल विचाराल म्हणून सांगतो. दिवे लुकलुकतात म्हटलं की दुकानात १ फॅरडची चमकदार नळी दाखवतात. ४० अँपिअर ओढले तर ती १ व्होल्ट खाली यायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. ढोलाची एक थाप त्याहून लांब असते. तेवढ्याच पैशांत जाड वायर येते.

सगळं झाल्यावर मापं पुन्हा घेतली. बॅटरीवर १३.९, अ‍ॅम्पवर १३.४. मे महिन्यात भर दुपारी अमळनेर ते धुळे, मग पुढे शिरपूरपर्यंत गेलो. धुळ्यात थांबून होल्डरवर बोट ठेवून पाहिलं, कोमट. एक गोष्ट राहिली आहे: एसी, हेडलाइट सुरू आणि रेल्वे फाटकाशी इंजिन मंद असलं की बॅटरीवरच १२.८ दिसतात. ते आता वायरीचं दुखणं नाही, अल्टरनेटर मंद गतीत तेवढंच देतो. छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचे असतात, तेही इंजिन पळत असताना. फाटकाशी मी आवाज कमी करतो.

जुनी निळी वायर गोळा करून भंगारवाल्याला दिली. तांब्याचा भाव मिळेल म्हणून मी मुद्दामच काही बोललो नाही. त्याने पहिलं काम काय केलं असेल? खिशातून ब्लेड काढलं, एक तार खरवडली, माझ्याकडे बघून हसला आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या ढिगावर फेकली.